नोंदवही कोणाच्या हाती?



मला दिलेला विषय असा आहे : ‘येत्या वर्षात मोबाइल, समाजमाध्यमे आणि संगणकी यंत्रणा यांचे काय होणार?’ अशा विषयावर बोलावयास एखादा अभियंता किंवा प्राध्यापक आणावयाचा, तर चालकांनी हमालांच्या, अंगणवाडी सेविकांच्या आणि रोजगार हमीवरील मजुरांच्या संघटनेत काम करणारा माणूस येथे उभा केला आहे. माझी शाळा लवकर सुटली. पुढे जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी. यंत्राच्या पोटातील विद्या अभियंत्यांकडे आहे. पण यंत्र ज्यांच्या दिवसावर आणि ज्यांच्या रोजावर चालते, त्यांच्यात माझे आयुष्य गेले आहे. तेवढ्याच अधिकाराने मी बोलणार आहे.

भाकिताची आपल्याकडे वाण नाही. गुढीपाडव्याला पंचांग उघडले की संवत्सरफळ वाचले जाते. यंदा शके १९४८, पराभव नाम संवत्सर. नाव ऐकून कोणी घाबरून जाऊ नये. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात, त्याभोवती निरनिराळी धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास कोणता दाणा कसा हलला ते पाहून पाऊसपाणी, पिके आणि राजकारण यांचे भाकीत करतात. त्यावर विश्वास ठेवणारे आहेत आणि त्याला कडाडून विरोध करणारेही आहेत. त्या वादात मी शिरत नाही. परंतु मोठमोठ्या कंपन्यांचे पुढारी दर जानेवारीला ‘यंदा जग असे बदलेल आणि तसे बदलेल’ म्हणून जे सांगत असतात, त्यातले बरेचसे या घटमांडणीहून फार वेगळे नसते. फरक एवढाच, की भेंडवळला आपला माल खपविण्यासाठी कोणी भाकीत करीत नाही.

माझी रीत साधी आहे. नवी यंत्रणा आली की मी तीन प्रश्न विचारतो. तिच्यात नोंद कोण करतो? ती नोंद कोणाला दिसते? आणि ती चुकली तर दुरुस्त कोण करतो? या तिहींची उत्तरे मिळाली, की येत्या वर्षात कोणाच्या पदरात काय पडणार हे पुष्कळ अंशी सांगता येते.

हे प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. वाशीम जिल्हा स्वतंत्र झाला तो १ जुलै १९९८ रोजी. परंतु याच जिल्ह्यातल्या कारंजाने त्याच्या शंभर वर्षे आधी एक मान मिळविला होता. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचे नाव आजही शेतीशास्त्राच्या पुस्तकांत असते. यंदा त्या गोष्टीला १४० वर्षे होतात. सरकारने हे शेतकऱ्याच्या प्रेमापोटी केले असे समजण्याचे कारण नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी भावात हवा होता. पुढे १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. हेतू कोणताही असो, एक तत्त्व मान्य झाले : सौदा उघड्यावर व्हावा, वजनकाटा तपासलेला असावा, आणि अडत्या नियमाला बांधलेला असावा. म्हणजे शेतकऱ्याच्या कापसाची नोंद एका माणसाच्या वहीतून निघून चार माणसांच्या डोळ्यांसमोर आली.

याच्या अकरा वर्षे आधी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की बहुतेक ठिकाणी शेतकऱ्यांनी सावकारांचे जीव घेतले नाहीत. त्यांनी मागितली ती कर्जखते आणि हिशेबाच्या वह्या, आणि हाती लागताच त्या जाळून टाकल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या माणसांना हे पक्के ठाऊक होते, की आपली मानगूट धरली आहे ती कागदाने. सरकारने चौकशी बसविली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्या कायद्याने ऋणकोला पैसे दिल्याची पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क मिळाला. वही जाळण्यापासून वहीची नक्कल मागण्यापर्यंत चार वर्षांत केवढी मजल गेली पाहा! कष्टकऱ्यांच्या चळवळीचा पुढचा सारा इतिहास मला याच वाटेने गेलेला दिसतो.

आणखी एकच जुना दाखला देतो. गिरण्यांत पूर्वी काम दिवसाच्या उजेडावर चाले. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या अनेक गिरण्यांत विजेचे दिवे आले. उजेड आला ही केवढी सोय! परंतु त्या उजेडात कामगाराचा दिवस लांबला; तेरा-चौदा तास, कोठे त्याहूनही अधिक काम होऊ लागले. कामगारांनी दंगा केला, संप केले, सरकारने चौकशा केल्या, आणि १९११ च्या कारखाने कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुष कामगाराला बारा तासांची मर्यादा घातली. दिवा काही वाईट नव्हता. तो किती वाजता मालवायचा हे ठरविण्याचा अधिकार मात्र एकाच बाजूकडे होता. मोबाइलविषयी माझे मत यापेक्षा वेगळे नाही.

आता भाकिताकडे वळतो.

माझे पहिले भाकीत असे, की येत्या वर्षात हजेरीचा आणि हक्काचा पुरावा म्हणून माणसाचा चेहरा अधिकाधिक ठिकाणी मागितला जाईल. याची सुरुवात झालीच आहे. अंगणवाडीच्या कामासाठी केंद्राने २०२१ साली ‘पोषण ट्रॅकर’ आणला. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोन जुने, त्यात जागा अपुरी, आणि भरावयाची माहिती इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. १ जुलै २०२५ पासून घरी न्यावयाचा पोषण आहार देताना लाभार्थी बाईचा चेहरा आधारमधील छायाचित्राशी जुळविणे सक्तीचे झाले. गरोदर बाई, ओली बाळंतीण, तान्ह्याची आई यांनी फोनसमोर उभे राहावयाचे, डोळे मिचकवावयाचे, आणि यंत्राने ‘हो’ म्हटले तर आहाराचे पाकीट घ्यावयाचे. यंत्राने ‘नाही’ म्हटले तर? बाईला सेविका वर्षानुवर्षे ओळखते. तिच्या लग्नाला ती गेलेली असते, तिच्या मुलाचे वजन तिने स्वतः केलेले असते. परंतु सेविकेच्या ओळखीला आता किंमत उरलेली नाही. यंत्राच्या ओळखीला आहे. बाईचा राग मात्र यंत्रावर निघत नाही, तो समोर बसलेल्या सेविकेवर निघतो. आमच्या बैठकांत सेविका हेच सांगतात, की काम वाढले याचे दुःख नाही, गावात आमची पत गेली याचे आहे.

रोजगार हमीची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने ही योजना मोठ्या प्रमाणावर चालविली, वि. स. पागे यांनी तिचा आग्रह धरला, आणि १९७७ साली आपल्या विधिमंडळाने तिचा कायदा केला. पुढे सगळ्या देशाने ती उचलली. या कामांवर हजेरीपटाला फार मोठे महत्त्व आहे. खोटे हजेरीपट झाले, मेलेल्या माणसांच्या नावाने मजुरी उचलली गेली, हे कोणी नाकारीत नाही. आम्हीच त्याविरुद्ध मोर्चे काढले आहेत. तेव्हा चोरी थांबावी म्हणून मोबाइलवर हजेरी आणली, कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा छायाचित्र काढून ते जागेच्या खुणेसह चढविण्याचा नियम केला आणि १ जानेवारी २०२३ पासून तो जवळजवळ सर्व सामूहिक कामांना लागू केला, यामागचा हेतू मी चुकीचा म्हणत नाही.

पण पुढे काय झाले ते पाहा. जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून कळविले, की या यंत्रणेचा गैरवापर होत आहे. कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढविली जातात, छायाचित्राचेच पुन्हा छायाचित्र काढून चढविले जाते, हजेरीतली माणसे आणि चित्रातली माणसे जुळत नाहीत. उपाय काय सांगितला? ग्रामपंचायतीने ही सर्व छायाचित्रे माणसांकरवी तपासावीत! म्हणजे माणूस चोरी करतो म्हणून यंत्र आणले, आणि यंत्राला फसविले म्हणून त्याच्यावर पुन्हा माणूस बसविला. चोराने आपली वाट काढली. अडकली ती डोंगरउतारावर खोदकाम करणारी बाई. तेथे मोबाइलला रेघ मिळत नाही, दुपारचे छायाचित्र चढत नाही, आणि दिवसभर घाम गाळून तिची हजेरी धोक्यात येते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात कामाचे दिवस शंभराऐवजी १२५ धरले आहेत आणि बोटांचे ठसे, चेहरा, कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा वापर कायद्यातच लिहिला आहे. दिवस वाढले याचे स्वागत आहे. परंतु यंत्राने नाकारलेल्या मजुराने कोणत्या दारावर जावयाचे, हे गावातल्या भिंतीवर मराठीत लिहिलेले असल्याखेरीज ते वाढलेले दिवस कागदावरच राहतील. येत्या वर्षातल्या आमच्या निम्म्या तक्रारी याच दारासंबंधी असतील, असे मी सांगून ठेवतो.

दुसरे भाकीत शहरगावांत मोबाइलवर चालणाऱ्या कामासंबंधी आहे. आपल्या तालुक्यांतली पुष्कळ मुले आज पुण्यात, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात दुचाकीवरून जेवणाचे डबे आणि किराणा पोहोचवितात, मोटारी चालवितात. त्यांना विचारले की ‘तुझा मालक कोण?’ तर ती मोबाइल दाखवितात. कंपनी म्हणते, हे आमचे कामगार नव्हेत, भागीदार आहेत. एखाद्या सकाळी मुलाचे खाते बंद होते. का बंद झाले, कोणी केले, किती दिवसांसाठी, याचा पत्ता नसतो. जुन्या गिरणीत मुकादम निदान तोंडावर शिवी देऊन काढून टाकीत असे!

ही स्थिती अगदी नवी आहे असे तरुणांना वाटते. हमालांना तसे वाटत नाही. बाजारात पोते उचलणाऱ्याला मालक कोण? सकाळी एका अडत्याचे पोते, दुपारी दुसऱ्याचे, संध्याकाळी तिसऱ्याच्या गाडीची भराई. प्रत्येकजण म्हणे, हा माझा नोकर नव्हे. या प्रश्नावर मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींची आणि पुण्यात बाबा आढाव यांनी हमालांची संघटना बांधली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६९ साली, महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्याची युक्ती मोठी नामी होती. मालक शोधत बसण्याऐवजी एक मंडळ नेमले. कामगाराची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि मजुरीवर ठरावीक टक्के अधिक रक्कम व्यापाऱ्याने भरावयाची. तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा, दवापाणी. मालक एक नसला तरी वही एक झाली.

पन्नास-पंचावन्न वर्षांनी हीच युक्ती पुन्हा बाहेर आली आहे. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली अशा मोबाइलवरच्या कामगारांसाठी कायदे केले. त्यांत मंडळ आहे, नोंदणी आहे आणि कंपनीने भरावयाचा कल्याणनिधी आहे. कर्नाटकाच्या कायद्यात तर खाते कायमचे बंद करण्याआधी लेखी कारण आणि चौदा दिवसांची सूचना देण्याचे बंधन आहे. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी असे म्हटले असून, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तेव्हा माझे भाकीत असे, की येत्या वर्षात महाराष्ट्रातही स्वतंत्र कायद्याची मागणी जोर धरील, आणि भांडणाचा मुख्य मुद्दा पैशापेक्षा वहीचा असेल. काम कोणाला द्यावयाचे आणि दर किती लावावयाचा हे ज्या हिशेबाने यंत्र ठरविते, तो हिशेब कामगाराला दाखवावयाचा की नाही? ज्या महाराष्ट्राने माथाडी कायदा देशाला दिला, त्याने या बाबतीत मागे राहावे हे मला शोभत नाही असे वाटते.

तिसरे भाकीत अफवेसंबंधी आहे, आणि ते करताना मला आनंद होत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले लोक होते. मुले पळविणारी टोळी आली आहे, असा निरोप त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होता. मारणारे कोणी दरोडेखोर नव्हते. आपल्या मुलांच्या काळजीने पेटलेले साधे लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही अशी मर्यादा घातली. पाच जीव गेल्यावर पाचाचा नियम आला.

तेव्हा निरोप अक्षरांत होता. आता तो आवाजात आणि हलत्या चित्रात येऊ लागला आहे. तुमच्या मुलाचा आवाज, तुमच्या पुढाऱ्याचा चेहरा यंत्राकडून हुबेहूब घडविता येतो, आणि त्याचा खर्च दिवसेंदिवस कमी होत चालला आहे. २०२६ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नियम बदलून अशा बनावट चित्रांवर आणि आवाजांवर तशी खूण ठेवणे बंधनकारक केले. नियम चांगला आहे. परंतु ज्याला फसवावयाचे आहे तो खूण ठेवून कशाला फसवील? म्हणून माझे भाकीत असे, की येत्या वर्षात ओळखीच्या आवाजात पैसे मागणारे फोन तालुक्याच्या गावीही येतील. ‘डिजिटल अटके’चे फोन येतच आहेत, पोलिसाच्या वेषातला माणूस फोनवर दिसतो आणि निवृत्त शिक्षकाची आयुष्याची पुंजी घेऊन जातो. २०२४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरून देशाला याबद्दल सावध केले. एवढे पाठ करून ठेवा : फोनवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही, आणि पैसे गेलेच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. घरातल्या माणसांनी आपसात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. तो शब्द सांगितल्याशिवाय आवाज मुलाचा असला तरी पैसे पाठवू नयेत.

चौथे भाकीत मुलांविषयी. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. आपल्याकडेही तसा कायदा हवा, ही चर्चा येत्या वर्षात सगळीकडे ऐकू येईल. परंतु आपल्या शेजाऱ्यांनी हा विषय ऑस्ट्रेलियाच्या आधी हाती घेतला होता. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने २०२२ च्या नोव्हेंबरात अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करण्याचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने निराळी रीत काढली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजावयाचा, आणि पुढचा दीड तास घरातला दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यासाला बसावयाचे.

या दोन रीतींत मला वडगावची अधिक पसंत आहे. बंदी मुलावर घातली आणि बाप ओट्यावर बसून मोबाइल चाळीत राहिला, तर मूल एवढेच शिकते की मोठे झाले की हे करावयाला मिळते. भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. शिवाय मुलाच्या हातचा मोबाइल आपण काढून घेतला, तर त्याच्या हाती दुसरे काय देणार? मैदानावर दुकाने झाली, वाचनालयाला संध्याकाळी कुलूप, नाट्यगृह नाही. मग मुलाने जावे कोठे? येत्या वर्षात बंदीची भाषणे पुष्कळ होतील. ज्या गावात संध्याकाळी उघडे असणारे वाचनालय आणि मोकळे मैदान असेल, तेथेच तिचा उपयोग होईल.

पाचवे आणि शेवटचे भाकीत नोकऱ्यांविषयी. कृत्रिम बुद्धिमत्तेने सगळ्यांची कामे जाणार, असे भय घातले जाते. येत्या वर्षात तरी आमच्या हमालाचे काम जात नाही. सोयाबीनचे पोते अजून माणसाच्याच पाठीवरून थप्पीला लागते, आणि ते उचलणारे यंत्र हमालाहून महाग आहे. हमालाच्या मजुरीची स्वस्ताई हेच आज त्याचे संरक्षण आहे, ही काही अभिमानाची बाब नव्हे! धोका आहे तो आमच्या हमालाने पोटाला चिमटा काढून ज्या मुलाला संगणक शिकविला त्या मुलाला. देशातल्या सर्वांत मोठ्या संगणक कंपनीने २०२५ च्या जुलैत आपल्या माणसांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. पत्रे लिहिणे, भाषांतर, हिशेबाचे तक्ते, साधी चित्रे, फोनवर उत्तरे देणे, ही कामे प्रथम आखडतील. पांढरपेशा तरुणाला वाटत आले, की संघटना ही हमालांनी आणि गिरणीवाल्यांनी करावयाची गोष्ट आहे. येत्या वर्षात त्याचे हे मत थोडे बदलेल, असे मला दिसते.

इतकी भाकिते केल्यावर आपण काय करावयाचे ते सांगितले नाही, तर मी आणि पंचांग यांत फरक राहणार नाही.

आपल्याकडे चावडीवाचन नावाची एक जुनी चाल आहे. सात-बारातली नोंद गावासमोर मोठ्याने वाचावयाची. कोणाचे नाव चुकले, कोणाचे क्षेत्र कमी लागले, तर जागच्या जागी हरकत घ्यावयाची. ज्याला वाचता येत नाही तोही कानांनी तपासू शकतो. माझी सूचना अशी, की मोबाइलवरच्या नोंदींचे चावडीवाचन सुरू करावे. महिन्यातून एकदा, ग्रामसभेत आणि शहरात प्रभागाच्या सभेत, कामाची हजेरी किती लागली, मजुरी किती जमा झाली, आहार कोणाला मिळाला, कोणाचे नाव कोणत्या कारणाने वगळले, हे यंत्रातून काढून मराठीत वाचून दाखवावे. यंत्राने नाकारलेल्या माणसाला पाच ओळखीच्या माणसांच्या साक्षीने कागदावर नोंद करून त्याच दिवशी हक्क द्यावा, आणि यंत्राची दुरुस्ती मागाहून करावी. हे काही महागडे काम नाही. त्याला नवे यंत्र लागत नाही. सतरंजी, एक वाचणारा आणि ऐकणारे लोक लागतात.

शहरात राहणाऱ्या आपणा मंडळींकडेही माझे एक मागणे आहे. येथे शिक्षक आहेत, वकील आहेत, बँकेतून निवृत्त झालेले लोक आहेत. आठवड्यातून एका संध्याकाळी दोन तास वाचनालयात एक टेबल टाकून बसा. २०२५ साली लाडकी बहीण योजनेत ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बायकांच्या रांगा लागल्या, आधारशी जोडलेला क्रमांक नवऱ्याचा किंवा बंद पडलेला निघाला, आणि शेवटी सरकारला मुदत वाढवावी लागली. त्या काळात कितीतरी बायकांनी दोन बोटांच्या कामासाठी शंभर-शंभर रुपये मोजले. अर्ज भरून देणारा, आलेला निरोप खरा की खोटा ते सांगणारा, आणि नोंदीची छापील नक्कल हातात ठेवणारा एक सुशिक्षित माणूस अशा वेळी फार मोठे काम करतो.

काहीजण म्हणतील, हे सगळे सरकारने करावे. सरकारने करावेच, ते करावे म्हणून आम्ही मोर्चे काढू. परंतु कारंजाचा काटा खरा राहिला तो केवळ हुकुमामुळे नव्हे. काट्याशी उभा राहून वजन मोठ्याने म्हणून घेणारा शेतकरी होता, म्हणून तो खरा राहिला. जेथे शेतकरी गप्प बसला, तेथे तपासलेला काटाही खोटा बोलला, हे बाजारात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पुढच्या वसंतात ही व्याख्यानमाला पुन्हा भरेल. चालकांना माझी विनंती आहे, की त्या वेळी माझी ही पाच भाकिते समोर ठेवून कोणती खरी झाली ते तपासावे. चेहऱ्याच्या यंत्राने उपाशी परत पाठविलेल्या बाईचे पहिले भाकीत खोटे ठरले, तर मला अतिशय समाधान होईल. ते आपोआप खोटे ठरणार नाही. गावोगावच्या लोकांनी सतरंजी टाकून नोंदवही वाचावयास घेतली, तरच ठरेल.